कॉर्न स्नेकचं पिल्लू खात नाही, ओकतंय, कात अडकलीये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेस्टरला येऊन मला अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं घरात कॉर्न स्नेक आहेत. उन्हाळ्यात एक-दोन माद्या अंडी घालतात, पिल्लं निघतात, ओळखीपाळखीत जातात आणि मग ऑक्टोबरपासून माझा फोन वाजायला लागतो. ब्रिटनमधल्या मराठी घरांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी हट्ट करून साप आणलेला असतो आणि निस्तरायची वेळ आई-बाबांवर येते. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून एकदाचे लिहून काढले.

इथले सगळे आकडे कॉर्न स्नेकचे आहेत, म्हणजे पँथेरोफिस गटॅटस या जातीचे. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप. मक्याच्या कोठारांत उंदरांमागे यायचा म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून, असंही म्हणतात. बॉल पायथन (एक अजगर) किंवा लेपर्ड गेको (एक पाळीव पाल) असेल तर हे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

पिल्लाचं काहीतरी बिनसलंय असं वाटतंय. आधी काय बघू?

आधी पिल्लू ठेवलेला डबा बघा, पिल्लू नंतर.

मागच्या हिवाळ्यात एका घरून फोन आला. पिल्लू तीन आठवडे खात नाही, सतत फिरतंय, काचेला नाक घासतंय. थर्मोस्टॅट (तापमान राखणारं यंत्र) आहे का विचारलं तर आहे, २८ अंशांवर लावलाय. मी म्हटलं डब्याचा फोटो पाठवा. फोटोत थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान ओळखणारं वायरचं टोक, पाण्याच्या वाटीत पडलेलं. वाटीतलं पाणी गार, त्यामुळे थर्मोस्टॅटला वाटतंय की डबा गार आहे, आणि तो बिचारा हीट मॅटला, म्हणजे डब्याखालच्या तापणाऱ्या चटईला, अखंड वीज देतोय. जमिनीचं तापमान मोजायला लावलं तर ४१ निघालं. प्रोब जागेवर बसवला, आणि पुढच्या आठवड्यात पिल्लाने निमूटपणे खाल्लं.

थर्मोस्टॅटवरचा आकडा म्हणजे आपण मागितलेलं तापमान, मिळालेलं नव्हे. मिळालेलं कळायला वेगळा डिजिटल थर्मामीटर लागतो आणि तो पिल्लू जिथे बसतं तिथे, जमिनीवर ठेवायचा. उबदार टोकाला २८ ते ३०, गार टोकाला २२ ते २४. रात्री दोन-तीन अंश उतरलं तर बिघडत नाही. मॅट डब्याच्या एक-तृतीयांश भागाखालीच हवी. पूर्ण तळाखाली घातली तर पिल्लाला गारव्याला जायला जागाच उरत नाही.

तापमानानंतर लपायची जागा. एक नव्हे, दोन: उबदार टोकाला एक, गार टोकाला एक, आणि दोन्ही इतक्या अरुंद की पिल्लाच्या अंगाला सगळीकडून टेकतील. एकच जागा ठेवली तर ते ऊब सोडून सुरक्षितता निवडतं आणि दिवसेंदिवस गारठ्यात बसून राहतं. मोठा टँकही याच कारणाने नको. पहिल्या वर्षी चपलांच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा डबा पुरतो. मुलांना तो केविलवाणा वाटतो, पिल्लाला नाही.

अंड्याला चीर पडून दिवस झाला, पिल्लू नुसतं नाक बाहेर काढून बसलंय. ओढून काढू का?

अजिबात नको. वरच्या जबड्याच्या टोकाला असलेल्या इवल्याशा दाताने ते कवच चिरतं आणि मग आतच बसून राहतं, २४ तास, ४८ तास, कधी त्याहूनही जास्त. या वेळात ते हवेवर श्वास घ्यायला शिकतं आणि उरलेला बलक पोटात ओढून घेतं. ओढून काढलंत तर बलक बाहेर लोंबकळत येतो आणि नाळ फाटली तर रक्तस्राव होतो.

२८ अंशांच्या आसपास उबवलेली अंडी साधारण ५५ ते ६५ दिवसांत फुटतात. पहिलं अंडं चिरल्यावर सगळी एका दिवसात फुटतीलच असं नाही. इतर सगळी पिल्लं बाहेर येऊन दोन-तीन दिवस झाले आणि एखादं अंडं तसंच टणक आहे, तेव्हाच काहीजण कवचाला छोटी खिडकी पाडतात. मी पूर्वी पाडायचो. आत मेलेलं पिल्लू असेल तर खिडकीने फरक पडत नाही, आणि जिवंत असेल तर बहुधा ते आपलं आपण येतंच. आता नाही पाडत.

पोटाला बेंबीपाशी पिवळट गोळा लटकतोय.

तो न शोषलेला बलक. पिल्लाला एकट्याला स्वच्छ डब्यात ठेवा, खाली ओला करून पिळलेला किचन पेपर, आणखी काही नको. भुसा किंवा माती गोळ्याला चिकटली की जंतुसंसर्ग झालाच समजा. कापू नका, दोरा बांधू नका. छोटा गोळा दोन-तीन दिवसांत आत जातो किंवा वाळून गळतो. लिंबाच्या बीएवढ्यापेक्षा मोठा असेल, हिरवट पडला असेल किंवा वास येत असेल तर डॉक्टरकडेच.

पिल्लू खातच नाही.

निम्मे फोन याचेच, म्हणून जरा सविस्तर.

पहिली कात पडली का? अंड्यातून निघाल्यावर सात ते दहा दिवसांत पहिली कात पडते. तोवर पोटात बलकाची शिदोरी असते आणि भूक नसते. कातीआधी खायला घालण्याचा खटाटोप व्यर्थ.

घरात येऊन किती दिवस झाले? आठवडा झाला नसेल तर पाणी बदलण्यापलीकडे हात घालू नका. ‘सारखं काढून बघतोय, पण खात नाही’ हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय, आणि उत्तर वाक्यातच असतं.

वजन किती? हे विचारलं की समोर शांतता पसरते. ०.१ ग्रॅम दाखवणारा, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा ऑनलाइन मिळतो, तो पिल्लाच्या आधी घ्यायला हवा. जन्मतः पिल्लू सहा-सात ग्रॅमचं असतं. आठवड्यातून एकदा वजन करून वहीत मांडा. वजन टिकून असेल तर निरोगी पिल्लू कातीनंतर पाच-सहा आठवडे न खाता निभावून नेतं. वजन एक-दशांशाहून जास्त उतरलं, किंवा पाठीचा कणा कौलारू छपराच्या आढ्यासारखा वर दिसायला लागला, तर मात्र घाई करायची.

आता ते खात का नाही? त्याच्या मूळ मुलखात अंड्यातून निघालेल्या पिल्लाचं पहिलं अन्न बहुतेकदा छोटे सरडे नाहीतर झाडावरचे बेडूक असतात. आपण समोर ठेवतो पिंकी, म्हणजे नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं, गोठवून विकलेलं उंदराचं पिल्लू. हे खायचं असतं हेच कित्येकांना ठाऊक नसतं. म्हणून मी एका क्रमाने जातो. दोन प्रयत्नांत चार-पाच दिवसांचं अंतर, आणि न खाल्लेली पिंकी सकाळी कचऱ्यात.

सुरुवात एकांताने. श्रीखंडाचा पाव किलोचा रिकामा डबा घ्या, झाकणाला टाचणीने भोकं पाडा, आत चुरगळलेला किचन पेपर. पिंकी रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून नळाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, बाळाची दुधाची बाटली बघतो तशी; स्पष्ट कोमट लागली पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, फुटते, आणि तो वास आठवडाभर जात नाही. पिल्लू आणि पिंकी श्रीखंडाच्या डब्यात, झाकण बंद, तो डबा पिल्लाच्या मोठ्या डब्यात मॅटच्या कडेला, वर टॉवेल. संध्याकाळी ठेवायचं आणि सकाळी उघडायचं, मध्ये डोकावायचं नाही. माझ्याकडची बरीचशी अडून बसलेली पिल्लं इथेच खातात.

नाही खाल्लं तर पुढच्या वेळी पिंकी बिनवासाच्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्याखाली खळखळून द्या. उंदराचा वास गेला की काहींचा विरोध मावळतो. त्यानेही भागलं नाही तर डोकं टोचणं: जाड सुईने पिंकीची कवटी टोचायची आणि आतला स्राव नाकावर पसरू द्यायचा. ओंगळ काम आहे, बायको तेवढा वेळ स्वयंपाकघर सोडून जाते, पण गुण येतो. सुई वेगळी ठेवा, गोधडीची वापरू नका.

त्यानंतर सरड्याचा वास. पाळीव गेको असलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याच्या टाकलेल्या कातीचा तुकडा भिजवून पिंकीच्या नाकावर चिकटवा. एकाने सुट्टीत साताऱ्याहून पालीची शेपटी डबीत घालून आणली होती. कौतुक वाटलं, पण असं करू नका. रानातल्या, भिंतीवरच्या पालींत परजीवी असतात आणि ते पिल्लाला भेट म्हणून मिळतात.

शेवटून दुसरा उपाय म्हणजे चिडवणं. चिमट्यात पिंकी धरून पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी हळूच टपटप करायचं. ते वैतागून पिंकीला चावतं. चावलं त्या क्षणी पुतळा व्हायचं, श्वाससुद्धा हलका. तोंडात आलेली गोष्ट खायची आहे हे त्याला उमगायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढ्यात तुम्ही हललात की ते सोडून देतं. मी एकदा याच क्षणी शिंकलो होतो.

बळेच भरवणं सगळ्यात शेवटी. पिंकीचं फक्त डोकं पिल्लाच्या तोंडात ठेवून पुढचं त्याच्यावर सोडायचं, ढकलत न्यायचं नाही. हे वाचून करू नका, जाणत्या माणसाच्या हाताखाली एकदा बघा. जबड्याची कातडी कागदासारखी असते. मला हंगामात जेमतेम एखाद्या पिल्लावर ही वेळ येते.

खाल्लेलं दोन दिवसांनी ओकलं. लगेच पुन्हा देऊ?

नको. ओकण्यात नुसतं अन्न जात नाही. पोटातलं आम्ल आणि पचनाला लागणारे जंतूही जातात, अन्ननलिका सोलवटते. त्यावर लगेच दुसरी पिंकी दिलीत की ते पुन्हा ओकतं, आणि लहान पिल्लं अशा दोन-तीन फेऱ्यांत जातात. दहा ते चौदा दिवस फक्त ताजं पाणी. मग नेहमीच्या निम्म्या आकाराची पिंकी, तीही मिळेल तितकी लहान. पिंकीच्या पाठीवर ब्लेडने दोन-तीन बारीक चिरा दिल्या तर पचायला हलकी पडते. ती राहिली तर पुढची आठवड्याने, तशीच लहान. नेहमीच्या आकारावर यायला महिना लागू द्या.

कारणं बहुधा घरगुती असतात. डबा गार पडला. पिंकी मोठी होती. पिल्लाच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपटीपेक्षा जाड असू नये. किंवा खाल्ल्यावर हाताळलं. एका वर्षी दिवाळीच्या फराळाला आलेल्या मुलांनी आदल्या संध्याकाळी जेवलेलं पिल्लू हातोहात फिरवलं आणि ते पाहुण्यांच्या चकल्यांच्या ताटाशेजारी ओकून मोकळं झालं. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही, हा नियम तेव्हापासून आमच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे.

तापमान बरोबर, आकार बरोबर, कुणी हात लावलेला नाही, आणि तरी तिसऱ्यांदा ओकलं तर घरचे प्रयोग थांबवा. तपासून घ्यायची गोष्ट म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम. सापांच्या जठरात राहणारा हा परजीवी जठराचं आवरण जाड करतो. वारंवार ओकणं, वजन घटणं आणि अंगाच्या मधल्या भागात सूज ही त्याची खूण. विष्ठेच्या किंवा जठरातून घेतलेल्या नमुन्याच्या पीसीआर चाचणीतून तो सापडतो, पण एकदा नकारार्थी आलं म्हणून सुटलो असं होत नाही, चाचणी परत करावी लागते. खात्रीचा उपचार नाही, आणि साधं ब्लीच याला दाद देत नाही. संशय आला त्या दिवसापासून त्या पिल्लाचा चिमटा, वाटी, काटा सगळं वेगळं करा आणि त्याचं काम दिवसात सगळ्यात शेवटी करा.

डोळे निळे-पांढरे पडलेत. आंधळं झालं का?

कात टाकायची तयारी आहे. जुन्या आणि नव्या कातडीमध्ये द्रव साठतो, म्हणून डोळा दुधाळ दिसतो. तीन-चार दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात पडते. या काळात बरीच पिल्लं खात नाहीत आणि चिडकी होतात. दिसत नसतं बिचाऱ्यांना.

पिल्लू अमेल, म्हणजे काळं रंगद्रव्य नसलेलं केशरी-पांढरं असेल, तर डोळ्यांवरून हे चटकन कळत नाही. पोट बघा, ते गुलाबी-मळकट दिसायला लागतं.

कात तुकड्या-तुकड्यांत पडली, शेपटीला आणि डोळ्याला राहिली.

हवा कोरडी आहे. ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात सेंट्रल हीटिंग सुरू झालं की हे फोन येतात, दरवर्षी त्याच आठवड्यात.

दह्याच्या डब्याला बाजूने भोक पाडा, आत ओलं करून घट्ट पिळलेलं शेवाळ, डबा उबदार आणि गार टोकांच्या मध्ये ठेवा. पिल्लू आपण होऊन त्यात शिरतं. एका रात्रीत बहुतेक काम होतं. नाही झालं तर ओल्या, कोमट फडक्याच्या घडीतून त्याला अर्धा तास सरकू द्या. फडकंच कात ओढून घेतं.

शेपटीचं टोक विसरू नका. तिथे राहिलेली कात वाळून अंगठीसारखी आवळते, रक्त थांबतं आणि टोक काळं पडून गळतं. डोळ्यावरचा खवला मात्र सोलायचा नाही, चिमट्याने तर नाहीच. सापाला पापण्या नसतात, तो पारदर्शक खवला हेच डोळ्याचं झाकण. जुन्याबरोबर नवा निघाला तर डोळा गेला. राहिला असेल तर पुढच्या कातीला ओलावा जास्त द्या; दोन काती होऊनही तसाच असेल तर डॉक्टर.

पडलेली कात फेकण्याआधी पाण्यात पसरून बघा. डोळ्यांच्या जागी दोन गोल भिंगं दिसली की काम पूर्ण झालं.

अंगावर सुरकुत्या, कातडी चिमटीत धरली की तशीच राहते.

पाणी कमी पडलंय. सहा ग्रॅमच्या जिवात पाणी असून किती असणार! भोकंभोकं पाडलेला डबा, खाली मॅट, आणि वाटी दोन दिवस कोरडी, एवढं पुरतं. झाकण असलेल्या डब्यात बोटभरापेक्षा कमी उंचीचं, २८ अंशांचं पाणी घाला, पिल्लाचं डोकं सहज वर राहील इतकंच. वीस मिनिटं, आणि तुम्ही समोरून हलायचं नाही.

अशक्त वाटतंय, थोडं दूध पाजू का? ग्लुकोज? हळद?

नागपंचमीचा संस्कार घट्ट असतो. माझ्या आईने सांगलीहून व्हिडिओ कॉलवर हेच सुचवलं होतं. साप दूध पीत नाहीत. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल तो द्रव पितो, आणि दूध त्याला पचत नाही, जुलाब होतात. साखरेचं पाणी, मध, हळद, लहान मुलांची औषधं, काही नको. क्षारांचं द्रावण द्यायचं झालं तर कोणतं आणि किती हे डॉक्टरने वजन बघून ठरवायचं.

तोंड उघडं ठेवतंय, नाकाशी बुडबुडे, श्वासाला टिकटिक आवाज.

हा घरी थांबण्याचा विषय नाही. कॉर्न स्नेकचं एकच फुप्फुस, उजवं, खऱ्या अर्थाने काम करतं. शिवाय त्याला आपल्यासारखं खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. गार आणि दमट डब्यात संसर्ग लवकर धरतो. उबदार टोक ३० वर नेऊन ठेवा, ओलं शेवाळ काढून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरची वेळ घ्या. कात पडण्याच्या एक-दोन दिवस आधी नाकात जुन्या कातडीचा तुकडा अडकून शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो, तो कातीबरोबर जातो. बुडबुडे मात्र कातीमुळे येत नाहीत.

पाण्याच्या वाटीत तासन्‌तास बसतंय, आणि पाण्यात काळे ठिपके.

माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे रक्त पिणारे किडे. मिरपुडीच्या कणाएवढे, आणि हे कण चालतात. डोळ्याच्या कडेला आणि हनुवटीखालच्या घडीत बघा. खात्री करायला पांढऱ्या किचन पेपरवर पिल्लू ठेवा आणि तासाने कागद बघा.

डब्यातलं भुसा-लाकूड सगळं पिशवीत बांधून घराबाहेर. डबा कढत पाण्याने धुवा, कोपरे घासा, कारण अंडी सापावर नसतात, फटीत असतात. किचन पेपरवर ठेवून रोज बदला. अंगावर मारायच्या फवाऱ्याचा निर्णय डॉक्टरचा. मोठ्या सापाला चालणारं औषध पिल्लाला जड जाऊ शकतं. कुत्र्या-मांजराचं पिसवांचं औषध तर नकोच. घरातल्या इतर सापांनाही त्याच दिवशी तपासा, आणि यापुढे नवीन आणलेला प्राणी निदान दोन महिने वेगळ्या खोलीत.

मान वर वळवून आकाशाकडे बघत राहतं, उलटं पडलं की सरळ होता येत नाही.

आधी तापमान, कारण अति उष्णता झाल्यावरही असंच दिसतं. नंतर घरात झुरळांचा स्प्रे किंवा तसलं काही मारलं का ते आठवा. ही दोन्ही नसतील आणि पिल्लू जन्मापासूनच असं असेल तर आनुवंशिक दोष असू शकतो. कॉर्न स्नेकमध्ये ‘स्टारगेझर’ नावाचा एक अप्रभावी जनुकदोष आहे. सनकिस्ड रंगाच्या वंशावळींतून तो पसरला. दोन्ही पालक दिसायला ठणठणीत, पण दोघेही वाहक असले तर सरासरी चारातलं एक पिल्लू असं निघतं. इलाज नाही. आई-वडिलांची जोडी पुन्हा लावायची नाही आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला कळवायचं.

पाठीच्या कण्याला गाठ किंवा वाकडेपणा असेल तर ते वेगळं. अंडी जास्त उष्णतेत उबवली गेली की हे होतं, कधी रक्तातही असतं. एखादा हलका बाक असलेलं पिल्लू खातं-पितं, मोठं होतं. माझ्याकडे असं एक आठ वर्षांचं आहे, नाव वळणदार. त्याची वीण घेतलेली नाही.

पोटावरचे खवले तांबूस-तपकिरी, फुगलेले.

भाजलंय. मॅट थर्मोस्टॅटशिवाय चालली किंवा प्रोब सरकला. मॅट बंद करून पिल्लाला स्वच्छ किचन पेपरवर घ्या, खोली उबदार ठेवा. फोड फोडू नका, तेलकट मलम किंवा टूथपेस्ट लावू नका. डॉक्टर.

दोन भावंडं एकाच डब्यात ठेवू? एकमेकांना सोबत होईल.

सोबत माणसाला लागते. एकच पिंकी दोघांनी दोन टोकांनी गिळायला घेतली तर मधे गाठ पडते, आणि मोठं थांबत नाही, छोट्यालाही गिळतं. वेगळे डबे.

कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, काय घेऊन जायचं?

कोपऱ्यावरचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर भला असतो, पण त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांची सवय असेलच असं नाही. पिल्लू घ्यायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा: तुमच्याकडे सापांचं नियमित काम कोण करतं? पाठवणार असाल तर कुठे पाठवता? आजारी पिल्लू हातात धरून हा शोध घ्यायची वेळ वाईट असते.

पिल्लू कापडी पिशवीत, पिशवी भोकाच्या डब्यात, डबा थर्मासच्या पेटीत. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीत, पिल्लाला न टेकता. सोबत वजनाची वही, ताजी विष्ठा किंवा ओकलेलं डबीत, आणि डब्याचा फोटो. मी एकदा वही विसरून गेलो होतो. डॉक्टरांनी पहिले पाच प्रश्न विचारले ते सगळे वहीत होते.

घरात लहान मूल आहे. सापापासून त्याला काही होईल?

साल्मोनेला. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही तो असू शकतो, साप आजारी असावा लागत नाही. हाताळून झाल्यावर साबणाने हात, दर वेळी. पाण्याची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात पिल्लू द्यायचं नाही. घरात कुणी गरोदर असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर तीही व्यक्ती लांब. पिंक्या फ्रीजरमध्ये झाकणाच्या वेगळ्या डब्यात, वर ठळक अक्षरात नाव. आमच्याकडे आई राहायला येते तेव्हा मटार मीच काढून देतो, ती फ्रीजर उघडत नाही.

पुण्यात मामांच्या बागेत असंच तपकिरी पिल्लू सापडलंय. ते ठेवून घेऊ दे का?

नाही. ते बहुधा तस्कराचं किंवा धामणीचं पिल्लू असेल, पण फोनवरच्या फोटोवरून पिल्लू ओळखणं मी टाळतो. घोणसाचं पिल्लूही लहानपणी लोकांना ‘असंच तपकिरी’ वाटतं आणि ते जन्मापासून विषारी असतं. शिवाय भारतातले साप घरी ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बसत नाही, पिल्लू असो की मोठा. मामांना म्हणावं लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

डिसेंबरात तीन आठवडे भारतात जातोय. पिल्लाचं काय?

मोठा साप निभावून नेतो, सहा महिन्यांच्या पिल्लाला एकटं सोडू नका. खाण्याचं फारसं अडत नाही, एक-दोन वेळा चुकल्या तरी चालतात. पाणी आणि वीज अडतं. आमच्या शेजारच्या बाई सापाला हात लावत नाहीत, पण दिवसाआड येऊन वाटी भरतात आणि थर्मामीटरचा फोटो पाठवतात. मी त्यांना पिंकी देण्याचं काम सांगतच नाही. निघण्याआधी शेवटचं खाणं पाच-सहा दिवस आधी द्या म्हणजे पचलेलं असेल. डब्याच्या झाकणाला दोन्ही बाजूंनी क्लिपा लावा. पेन्सिल जाईल एवढी फट पिल्लाला पुरते. आणि बॉयलर पूर्ण बंद करून जाऊ नका, खोली १८च्या खाली गेली की एकटी मॅट पुरी पडत नाही.